स्नूकरची मॅच हिशेबाने कशी खेळायची: टेबल वाचण्यापासून री-स्पॉटेड ब्लॅकपर्यंत

प्रॅक्टिसमध्ये पन्नास-साठचे ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) सहज करणारा खेळाडू जिमखान्याच्या ओपन स्पर्धेत वीस-बावीसच्या पुढे न जाणाऱ्या माणसाकडून पहिल्याच फेरीत हरतो. मुंबईत हे दर मोसमात दिसतं. हरलेला म्हणतो, ‘आज पॉटिंगच लागत नव्हतं.’ बहुतेक वेळा पॉटिंग, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये घालणं, ठीक असतं, चुकलेला असतो विचारांचा क्रम. आधी बॉल पडेल का ते बघितलं जातं, मग क्यू बॉल (क्यूने मारायचा पांढरा बॉल) कुठे जाईल ते, आणि स्कोअरबोर्डाकडे नजर वळते ती पॉट हुकल्यावर. मॅच काढणारे उलट्या बाजूने येतात: स्कोअर काय मागतो, समोरच्याला काय उरेल, क्यू बॉल कुठे थांबेल, आणि सगळ्यात शेवटी पॉट. मार्क सेल्बी किंवा जॉन हिगिन्स या जागतिक विजेत्यांची फ्रेम (सामन्यातला एक डाव) आवाज बंद करून बघितली, तरी हा क्रम दिसतो.

पार्लरमध्ये हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे या रिवाजाने भराभर पॉट मारण्याची सवय लागते, आणि तीच स्पर्धेत नडते. खालचे टप्पे ती सवय मोडण्यासाठी आहेत. नियम आणि सरळ क्यू ॲक्शन येते असं धरून चाललो आहोत.

## टप्पा १: टेबल वाचणं

मॅचआधी पाच मिनिटं टेबल मिळालं तर रेड पॉट करत बसू नका. पॉटिंग पाच मिनिटांत सुधारत नाही, टेबलाचा वेग मात्र तेवढ्यात कळतो. क्रम असा ठेवा:

१. क्यू बॉल बॉल्क लाइनवर (यलो, ब्राउन, ग्रीन असतात ती आडवी रेघ) ठेवून टॉप कुशनला, म्हणजे ब्लॅकच्या टोकाच्या कुशनला, मारा. परत येऊन तो बॉल्क कुशनला जेमतेम टेकला पाहिजे. चार-पाच फटक्यांत हात बसतो. हा जोर लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी सेफ्टी (समोरच्याला सोपा पॉट न ठेवणारा बचावाचा खेळ) याच्या आसपास खेळायची आहे.

२. कापडाची लव तपासा. ती बॉल्ककडून ब्लॅकच्या दिशेने असते. मधल्या पॉकेटकडे टेबलाच्या आडव्या दिशेने अगदी हळू बॉल सोडा. जाड कापडावर तो शेवटच्या फूटभरात ब्लॅकच्या बाजूला सरकताना दिसेल. किती सरकतो ते बघा.

३. लवीच्या विरुद्ध, म्हणजे ब्लॅककडून बॉल्ककडे, साइड देऊन (क्यू बॉलच्या मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे मारून) एक हळू फटका मारा. अशा फटक्यात उजवी साइड बॉलला डावीकडे ओढते. लवीच्या दिशेने उजवी साइड उजवीकडेच नेते. हा फरक माहीत नसल्याने हळू सेफ्टीत क्यू बॉल रेडला न लागताच निघून जातो आणि खेळाडू टिपला दोष देतो.

४. दोन्ही लांब कुशनवर एकेक फटका मध्यम जोराने, साइड न देता मारा. कुठलं कुशन बॉल जास्त फेकतं हे कळलं की स्नूकरमधून (हव्या त्या बॉलकडचा सरळ मार्ग दुसऱ्या बॉलने अडवलेला असताना) सुटताना उपयोगी पडतं.

५. उरलेल्या वेळात कुशनला लागून असलेला एक बॉल पॉकेटकडे हळू आणि एक जोरात मारा. तोंड घट्ट आहे की सैल, ते कळेल.

मुंबईत यात आणखी एक गोष्ट येते, ती हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कापड ओल धरतं. एसी बंद असलेल्या हॉलमध्ये दुपारी बघितलेलं टेबल रात्रीच्या मॅचला वेगळं धावतं. मार्करने (टेबल सांभाळणाऱ्या क्लबच्या माणसाने) सकाळी ब्रश आणि इस्त्री केली असेल तर पहिल्या दोन फ्रेमला टेबल पळतं आणि पुढे हळू होत जातं. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत टेबलाखाली हीटर असतात, त्यामुळे यूट्यूबवर बघितलेला जोर आपल्या टेबलावर कमी पडतो. ओलसर कापडावर स्क्रूही (क्यू बॉलला खाली मारून तो मागे आणणं) कमी मिळतो. लांबून स्क्रू मारून क्यू बॉल बॉल्कमध्ये आणायचा बेत पावसाळ्यात करू नये, त्यापेक्षा पातळ कट घेऊन क्यू बॉल आपोआप परत येईल असा मार्ग शोधावा.

हात पुसायला कोरडा नॅपकिन आणि स्वतःचा चॉक जवळ ठेवा. लोकलमधून क्यू आणला असेल तर केस उघडून अर्धा तास आधी हॉलच्या हवेत राहू द्या.

तपासा: टेबलापासून दूर होण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं आली पाहिजेत. टेबल नेहमीपेक्षा हळू आहे की वेगवान? आणि रेफरी मिसचा नियम (बॉल हुकल्यावर प्रयत्न पुरेसा नव्हता असं ठरवून बॉल परत ठेवण्याचा) कसा लावणार आहे? क्लबच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत अनेकदा मार्करच रेफरी असतो आणि मिसबद्दल प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. हे नाणेफेकीच्या वेळी विचारायचं, फाउल झाल्यावर नाही.

## टप्पा २: घरचा अभ्यास, चार सराव

सेफ्टीचा सराव कंटाळवाणा असतो, म्हणून तो होत नाही. आठवड्यातल्या टेबलाच्या वेळेपैकी एक तृतीयांश तरी यात घाला.

पातळ कट आणि परत. पॅकच्या (त्रिकोणात लावलेल्या रेडच्या) कडेचा रेड जिथे असतो तिथे एकच रेड ठेवा, क्यू बॉल बॉल्क लाइनच्या मागे. रेडला पातळ स्पर्श करून क्यू बॉल टॉप कुशन आणि साइड कुशनवरून परत आणा. बॉल्क कुशनपासून ३० सेंटिमीटरच्या आत थांबला तरच मोजा. वीसपैकी बारा जमेपर्यंत जागा बदलू नका.

रंगीत बॉलमागे टेकवणं. क्यू बॉल बॉल्क कुशनजवळ, समोर ब्राउन त्याच्या जागेवर, पलीकडे पॅक. ब्राउनपर्यंत हळू जाऊन त्याला हलकेच स्पर्श करायचा आणि तिथेच थांबायचं. ब्राउन दोन इंचांहून जास्त हलला तर फटका वाया. सोपा वाटणारा हा फटका मॅचमध्ये सगळ्यात जास्त चुकतो: कमी पडला की फाउल, जास्त झाला की स्नूकर सुटतो.

एका कुशनवरून सुटणं. क्यू बॉल ब्राउनच्या मागे, एक रेड पिंकच्या जागेजवळ. साइड कुशनवरून रेडला जेमतेम पोचेल इतक्या जोराने मारा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा.

ब्रेक-ऑफ. फक्त ब्रेक-ऑफ, म्हणजे फ्रेमचा पहिला फटका, दहा वेळा. पॅक लावायचा कंटाळा असेल तर शेवटच्या दोन ओळी लावल्या तरी चालतं.

## टप्पा ३: ब्रेक-ऑफ

क्यू बॉल ब्राउन आणि यलोच्या मध्ये ठेवा. पॅकच्या शेवटच्या ओळीतला उजव्या टोकाचा रेड धरा, साधारण पाव बॉल लागेल इतका, आणि उजवी साइड द्या. क्यू बॉल टॉप कुशन, मग उजवं साइड कुशन, तिथून टेबल तिरकं ओलांडून डाव्या कुशनला लागतो आणि ग्रीनच्या मागे बॉल्क कुशनजवळ बसतो. ग्रीनच्या बाजूने सुरुवात केली तर सगळं उलट.

होणाऱ्या चुका, वारंवारतेच्या क्रमाने:

जाड लागणं. पॅक फुटतो, क्यू बॉलचा जोर रेडमध्ये जातो आणि तो टेबलाच्या मध्यावर अडकतो. समोरच्याला सरळ रेड दिसतो.

साइड कमी पडणं. क्यू बॉल टेबल ओलांडताना ब्लूवर आपटतो. ब्लूला लागत असेल तर साइड वाढवा, जोर नको.

जोर जास्त होणं. बॉल्क कुशनवरून उसळून क्यू बॉल फूट-दीड फूट बाहेर येतो. पहिल्या फ्रेममध्ये हात गरम नसतो, म्हणून ही चूक तिथेच जास्त.

तपासा: ब्रेक-ऑफनंतर क्यू बॉल बॉल्क कुशनपासून दोन बॉलच्या आत आहे का? असेल तर समोरच्याला क्यू उचलून, बॉलच्या वरच्या भागावरच मारावं लागतं, आणि त्याच्या लांब पॉटची टक्केवारी पडते.

## टप्पा ४: शॉट निवडण्याचा क्रम

टेबलाजवळ जाताना, क्यू हातात घेण्याआधी, चार प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला, स्कोअर. आपण पुढे आहोत की मागे, टेबलावर किती उरलंय, आणि या फ्रेमला मला गुण हवेत की वेळ? चाळीस गुणांनी पुढे असताना आणि चार रेड उरलेले असताना अवघड रेड मारण्याचं कारण नसतं. चाळीसने मागे असताना असतं.

दुसरा, चुकलं तर काय उरेल. मी ज्या रेडवर जाणार आहे तो पॉकेटच्या तोंडाशी लटकेल का? पॅक उघडा आहे का? ब्लॅक जागेवर आणि दोन्ही कोपऱ्यांत जातोय का?

तिसरा, क्यू बॉल. पॉट झाला किंवा नाही झाला, तरी क्यू बॉल कुठे जाऊन थांबेल?

चौथा, पॉट. आता बघा, दहापैकी किती वेळा जाईल.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला लोकांना जड जातं. प्रॅक्टिसमध्ये दहापैकी पाच जाणारा लांब रेड मॅचमध्ये चार धरा. समजा तो गेला तर पुढे ब्लू आणि आणखी एक-दोन रेड मिळून १५ च्या आसपास होतील, कारण ब्लॅक कुशनला चिकटलाय. तो चुकला तर पॅक उघडा राहतो आणि समोरच्याची सहज ३० करण्याची ताकद आहे. दहा वेळा हा शॉट खेळलात तर चार वेळा १५, म्हणजे ६० कमावले. सहा वेळा चुकलात, त्यातल्या निम्म्या वेळीच त्याने फायदा घेतला तरी ९० गेले. हा हिशेब टेबलावर एवढा सविस्तर करायचा नसतो, पण तो आधी वहीत दहा-बारा स्थितींसाठी करून बघितलेला असला की मॅचमध्ये उत्तर लगेच येतं.

आता तोच रेड, त्याच अवघडपणाचा, पण क्यू बॉल पॉट झाला तरी आणि हुकला तरी बॉल्क कुशनवर परत येतो. कमाई तेवढीच राहिली, नुकसान जवळपास संपलं. हा शॉट घ्यायचाच. याला शॉट-टू-नथिंग म्हणतात, आणि सेफ्टीच्या चढाओढीत फ्रेम उघडते ती बहुधा इथूनच. सेफ्टी खेळताना सतत बघत राहा: हाच रेड, हाच मार्ग, फक्त कोन थोडा बदलला तर पॉटही होईल का?

इशारा: अर्धी सेफ्टी आणि अर्धा पॉट असा शॉट खेळू नका. पॉटवर जाताना मनात ‘चुकला तर चुकला’ असेल तर बॉल जाड किंवा पातळ लागतो, आणि क्यू बॉलही भलतीकडे जातो. एकदा ठरवलं की पूर्ण त्या शॉटसाठी उभं राहा. मन बदललं तर उठा आणि पुन्हा वाका.

## टप्पा ५: सेफ्टी

क्यू बॉलची जागा आधी ठरवा, रेडची नंतर. क्लबमध्ये उलटं होतं: रेड सुरक्षित जागी गेला म्हणून खेळाडू समाधानी, आणि क्यू बॉल ब्लूजवळ मोकळा उभा.

क्यू बॉलसाठी चांगल्या जागा, उतरत्या क्रमाने: बॉल्क कुशनला चिकटून आणि एखाद्या रंगीत बॉलच्या आड, नुसता बॉल्क कुशनला चिकटून, बॉल्क लाइनच्या मागे पण कुशनपासून दूर. तिसरी जागा वाटते तेवढी सुरक्षित नाही. क्यू बॉल मोकळा असला की चांगला खेळाडू लांब रेड घेतो किंवा तुमच्यापेक्षा चांगली सेफ्टी देतो.

मार्ग ठरवताना या क्रमाने जा:

१. क्यू बॉल कुठल्या बाजूने परत येणार? ब्लू, ब्राउन, यलो, ग्रीन यांपैकी कोण वाटेत आहे ते बोटाने हवेत रेघ ओढून बघा. ब्लूला थडकलेली सेफ्टी एकाच मॅचमध्ये चार-पाचदा घडते.

२. लागलेला रेड कुठे जाणार? तो टॉप कुशनवरून परत येऊन क्यू बॉलला पुन्हा धडकणार असेल, म्हणजे डबल किस, तर स्पर्श बदला. पातळ केलात तर रेड कमी हलतो आणि क्यू बॉलचा जोर टिकतो.

३. इन-ऑफचा (क्यू बॉलच पॉकेटमध्ये जाण्याचा) धोका आहे का? पातळ कट घेऊन टॉप कुशनवर गेलेला क्यू बॉल कोपऱ्यात जाण्याची शक्यता कोनावरून आधीच दिसते. दिसत असेल तर साइडने कोन रुंद किंवा अरुंद करा.

४. जोर शेवटी. टप्पा १ मधला जोर इथे वापरायचा.

पॅक अजून शाबूत असेल आणि परत यायचा मार्ग नसेल तर क्यू बॉल हळूच पॅकला टेकवणं हाही पर्याय आहे. पूल खेळून आलेले इथे गोंधळतात: स्नूकरमध्ये स्पर्शानंतर एखादा बॉल कुशनला लागलाच पाहिजे असा नियम नाही. रेडला स्पर्श झाला, फाउल नाही. मात्र क्यू बॉल रेडला टेकून थांबला तर टचिंग बॉल होतो. समोरचा त्यापासून नुसता दूर मारून मोकळा होऊ शकतो, कारण त्याचा स्पर्श झालेलाच धरला जातो. म्हणून टेकवताना एका केसाचं अंतर राहिलेलं जास्त चांगलं.

सेफ्टीची चढाओढ लांबली की पाच-सहा फटक्यांनंतर कुणीतरी कंटाळून लांब रेड मारतो. तो तुम्ही नसावं. ‘आता तरी काहीतरी करायला हवं’ असं वाटू लागलं की तोच क्षण आणखी एक साधी सेफ्टी खेळण्याचा. खरोखरच कोंडी झाली, दोघंही तोच तोच शॉट खेळत राहिले, तर रेफरी नव्याने पॅक लावण्याचा पर्याय देऊ शकतो.

तपासा: प्रत्येक सेफ्टीनंतर खुर्चीकडे जाण्याआधी एकदा मागे वळून बघा. समोरच्याच्या जागी तुम्ही असता तर काय खेळला असता? उत्तर ‘सोपा पॉट’ असेल तर चूक जोराची होती की स्पर्शाची, ते तिथेच ओळखा.

## टप्पा ६: रंगीत बॉलांचा उपयोग

रेड पॉट झाला, पण पुढे चांगला रंगीत बॉल नाही. इथे क्लबचा खेळाडू लांब ब्लू मारतो. मॅच खेळाडू क्यू बॉल बॉल्कमध्ये असेल तर ब्राउन, ग्रीन किंवा यलो जाहीर करतो आणि त्याच्या मागे टेकवतो.

एक बाब नीट समजून घ्या. क्यू बॉल रंगीत बॉल आणि बॉल्क कुशनच्या मध्ये असेल तरच टेकवून स्नूकर होतो. क्यू बॉल रेडच्या बाजूला असताना ब्राउनला टेकवलंत तर आड येणारा बॉल चुकीच्या बाजूला राहतो, समोरच्याला सगळे रेड दिसतात. अशा वेळी रंगीत बॉलला पातळ स्पर्श करून क्यू बॉल त्याला ओलांडून बॉल्क कुशनवर न्यावा लागतो. शॉट-टू-नथिंगमध्ये क्यू बॉल बॉल्क कुशनपर्यंत नेण्याचा आग्रह याचसाठी: रेड गेलाच तर एक गुण आणि लगेच स्नूकर, दोन्ही हाती लागतात.

रंगीत बॉल अडकवायचे की मोकळे करायचे, हे स्कोअर ठरवतो. पुढे असाल तर ब्लॅक किंवा पिंक कुशनला लागलेला तसाच राहू द्या, जमेल तेव्हा ब्लूही कुशनवर पाठवा. समोरच्याला मोठा ब्रेक करायला मोठे बॉलच मिळू नयेत. मागे असाल तर सेफ्टी खेळतानाच रेड वापरून ब्लॅक मोकळा करण्याची संधी शोधा. चाळीस गुणांनी मागे असलेला खेळाडू ब्लॅक कुशनला चिकटवताना दिसतो, तेव्हा तो फ्रेम हरण्याची तयारी करत असतो.

## टप्पा ७: स्कोअरचा हिशेब

उरलेले गुण म्हणजे रेड गुणिले ८ (रेडचा १ आणि ब्लॅकचे ७), अधिक २७ (सहा रंगीत बॉलांचे). पाच रेड म्हणजे ६७, तीन म्हणजे ५१, एक म्हणजे ३५. रेड संपल्यावर २७, यलो गेल्यावर २५, मग २२, १८, १३ आणि शेवटी ७. हे तोंडपाठ हवं. बोर्ड बघून बेरीज करायला लागलात की लक्ष शॉटवरून उडतं.

उदाहरण घेऊ. तुम्ही ५८, समोरचा ३१, तीन रेड बाकी. आघाडी २७, टेबलावर ५१. रेड आणि ब्लॅक घेतलात: आघाडी ३५, टेबलावर ४३. त्यानंतरचा रेड गेला की आघाडी ३६ आणि टेबलावर ३५. म्हणजे दुसरा रेड हाच फ्रेम बॉल (फ्रेम पक्की करणारा बॉल). पण पहिल्या रेडनंतर ब्लॅकऐवजी पिंक घेतलात तर दुसऱ्या रेडनंतर आघाडी ३५ आणि टेबलावरही ३५. समोरचा सगळं टेबल साफ करून बरोबरी गाठू शकतो, म्हणजे तुम्हाला आणखी एक रंगीत बॉल लागेल. म्हणून ब्लॅक थोडा अवघड आणि पिंक सोपा असला तरी निवड करण्याआधी हा एक गुण मोजा. पिंक घ्यायला हरकत नाही, पण पुढच्या रेडनंतर थांबता येणार नाही हे माहीत असू द्या.

फ्रेम बॉलपर्यंतचा मार्ग आणि त्यानंतरचा मार्ग वेगळा. आघाडी उरलेल्या गुणांपेक्षा जास्त झाली की शतकाच्या मागे लागून अवघड स्क्रू मारू नका. सोपे रेड काढून टाका. टेबलावर जितके कमी बॉल, तितक्या समोरच्याला स्नूकर टाकायला आडोशाच्या जागा कमी.

मागे पडल्यावर किती स्नूकर लागतात, म्हणजे समोरच्याला अडकवून किती फाउल काढावे लागतात, याचा हिशेब बहुतेक जण चुकतात. फक्त रंगीत बॉल उरलेत, टेबलावर २७, आणि तुम्ही ३० ने मागे. चार गुणांचा एक फाउल मिळाला की २६ ने मागे, आणि २७ घेऊन एका गुणाने जिंकता. ३१ ने मागे असाल तर एक फाउल बरोबरीपर्यंत नेतो. ३२ ने मागे असाल तर एक फाउल पुरत नाही, पण त्याच फाउलवर फ्री बॉल (फाउलनंतर तुम्ही स्नूकरमध्ये असाल तर दुसरा कुठलाही बॉल घेण्याची मुभा) मिळाला तर यलोच्या जागी दोन गुण जास्त मिळतात: २८ ने मागे, टेबलावर २९. रेड बाकी असताना फ्री बॉल याहून कितीतरी मोलाचा, कारण तो रेड धरला जातो आणि त्यानंतर रंगीत बॉल मिळतो, म्हणजे आठ गुणांपर्यंत जादा.

इशारा: स्नूकरची गरज असताना शेवटचा रेड घाईने पॉट करू नका. तो आडोशाजवळ असेल तर तोच तुमची सगळ्यात मोठी संधी आहे.

## टप्पा ८: स्नूकरमधून सुटणं, आणि फाउलनंतरचा निर्णय

स्नूकरमध्ये अडकल्यावर सगळ्यात सोपा लागणारा मार्ग घेऊ नका. लागल्यावर, आणि न लागल्यावरही, कमीत कमी काय उरेल तो मार्ग घ्या. जोर असा की बॉल रेडला जेमतेम पोचेल. जोरात मारून लागला तर पॅक फुटतो, आणि न लागला तर क्यू बॉल भटकतो.

कुशनवर नेमका बिंदू ठरवा, पॉकेटच्या जबड्यापासून किती बोटं दूर ते मोजून. नुकसानभरपाईचे चार गुण गेले आणि रेफरीने ‘मिस’ म्हणत बॉल परत ठेवला तर दुसऱ्या प्रयत्नात मार्ग तोच ठेवा, फक्त बिंदू सरकवा. पहिला फटका वाया गेलेला नसतो, त्याने किती चुकलं ते सांगितलेलं असतं. मार्ग बदललात की ती माहिती फुकट जाते. सलग चार-पाच मिस देऊन वीस गुण घालवणारे बहुतेक जण प्रत्येक वेळी नवीन मार्ग शोधत असतात.

समोर रेड पूर्ण दिसत असेल, म्हणजे मध्यावर फुल बॉल लागू शकत असेल, आणि तरी सलग मिस झाले तर दुसऱ्यानंतर रेफरी सूचना देतो आणि तिसऱ्या मिसला फ्रेम जाते. तेव्हा सूचनेनंतर पातळ स्पर्शाचा हट्ट सोडा, जाड लावा. कुणालाही स्नूकरची गरज असताना आणि प्रयत्न प्रामाणिक असताना सहसा मिस दिला जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

समोरच्याने फाउल केला की उठून लगेच टेबलाला भिडू नका. क्रम असा: फ्री बॉल आहे का ते रेफरीला तपासू द्या. मग टेबल आहे तसं खेळलं तर काय मिळेल ते बघा. मग त्यालाच पुन्हा खेळायला लावलं तर तो काय करेल ते. मिस दिला असेल तर बॉल परत ठेवण्याचा पर्यायही आहे. त्याला पुन्हा खेळायला सांगितलं की शब्द मागे घेता येत नाही, म्हणून बोलण्याआधी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने एकदा बघून या.

इशारा: फ्री बॉल घेऊन त्याच फ्री बॉलच्या आड समोरच्याला स्नूकर करता येत नाही, तो फाउल आहे. अपवाद फक्त पिंक आणि ब्लॅकच उरले असताना.

## टप्पा ९: खुर्चीत बसल्यावर

निम्मी मॅच खुर्चीत जाते. तिथे मोबाइल बघणं किंवा गॅलरीतल्या मित्राशी खुणा करणं, दोन्ही बंद. समोरचा कुठल्या बाजूचा लांब पॉट टाळतो, रेस्ट (क्यू टेकवायची लांब काठी) घेताना किती वेळ लावतो, सेफ्टीत सतत एकाच बाजूने परत येतो का, हे बघा. तिसऱ्या फ्रेमपर्यंत यातलं एक तरी उत्तर मिळतं, आणि मग क्यू बॉल मुद्दाम त्याच्या नावडत्या बाजूला सोडायचा.

वेग स्वतःचा ठेवा. समोरचा भराभर खेळतो म्हणून आपणही भराभर, ही नेहमीची चूक. मुद्दाम रेंगाळण्याचा मोहही टाळा. पीटर एब्डनने २००५ च्या जागतिक स्पर्धेत रॉनी ओ’सलिव्हनविरुद्ध १२ च्या ब्रेकला पाच मिनिटांहून जास्त लावले आणि सामना १३-११ जिंकला. पण त्यावर टीकाही तेवढीच झाली, आणि क्लबमध्ये रेफरी तुम्हाला तेवढी मोकळीक देणार नाही. उभं राहून विचार करा, वाकल्यावर नको.

पिछाडीवर असताना खेळ उघडा करायची घाई होते. २०१४ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेल्बी ५-१० असा मागे होता आणि १८-१४ ने जिंकला, तो सेफ्टी आणखी घट्ट करून. बेस्ट ऑफ सेव्हनमध्ये १-३ मागे असलात तरी पुढच्या फ्रेमचा पहिला शॉट नेहमीचाच ब्रेक-ऑफ असायला हवा.

## टप्पा १०: शेवटचे बॉल आणि री-स्पॉटेड ब्लॅक

ब्लूपासून पुढे फाउलची किंमत वाढते: ब्लूवर ५, पिंकवर ६, ब्लॅकवर ७. पिंकसाठी स्नूकरमधून सुटताना ब्लॅकला लागलात तर सात जातात, म्हणून मार्ग निवडताना ब्लॅकच्या आसपासचा टाळा. पिंक आणि ब्लॅकवर दोघांनाही फ्रेम हवी असेल तेव्हा बॉल टेबलाच्या दोन टोकांना ठेवणं हाच पाया: क्यू बॉल एका कुशनला, ऑब्जेक्ट बॉल (ज्या बॉलला लागायचं तो) दुसऱ्याला.

बरोबरी झाली तर ब्लॅक पुन्हा जागेवर ठेवतात (हाच री-स्पॉटेड ब्लॅक), क्यू बॉल डीमधून (बॉल्क लाइनवरच्या अर्धवर्तुळातून), आणि नाणेफेक जिंकणारा ठरवतो कोण आधी खेळणार. पहिला पॉट किंवा पहिला फाउल फ्रेम संपवतो. डीमधून जागेवरचा ब्लॅक कोपऱ्यात मारायचा तर कट अगदी पातळ लागतो, त्यामुळे आधी खेळणाऱ्याच्या हाती सहसा सेफ्टीच असते. समोरच्याची जोरावरची पकड कमजोर दिसली असेल तर त्यालाच आधी पाठवा. तुम्हालाच खेळायचं असेल तर ब्लॅक जागेवरून हलवून कुशनला लागून राहील आणि क्यू बॉल दुसऱ्या टोकाला जाईल, असा जोर निवडा. क्यू बॉलच्या मार्गात एकही पॉकेट येऊ देऊ नका: या स्थितीत इन-ऑफने गेलेल्या फ्रेम ब्लॅक हुकल्याने गेलेल्या फ्रेमपेक्षा जास्त बोचतात. आणि ब्लॅक मधल्या पॉकेटसमोर थांबेल असा अर्धा-मुर्धा जोर नको. थोडा जास्त झाला तर तो कुशनवरून पुढे जातो, कमी पडला तर समोरच्याला सरळ पॉट मिळतो.